डांक तुटते तेव्हां

संगणकशास्त्राच्या पाठ्यक्रमांत 'सॉकेट' या नांवाचें एक प्रकरण असतें. दूर अंतरावरील दोन यंत्रांनीं एकमेकांशीं बोलावें कसें, याचे नियम त्यांत सांगितलेले असतात. आम्ही इतिहासाचे अध्यापक. त्या शास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. परंतु आमच्या एका सहकाऱ्यांनीं हें प्रकरण आम्हांस समजावून दिलें, तेव्हां त्यांतील एक भाग फार ओळखीचा वाटला. जोड चालू असतां काय करावें हें सांगण्यास ग्रंथकारांस थोडीं पानें पुरतात. ती नकळत तुटली तर काय करावें हें सांगतां सांगतां मात्र त्यांची दमछाक होते. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस याचें नवल वाटूं नये. आलेल्या निरोपांमुळें आमच्या इतिहासांत जेवढें घडलें, त्याहून न आलेल्या निरोपांमुळें घडलें तें कमी नाहीं. फक्त न आलेल्या निरोपाचा कागद दप्तरांत सांपडत नाहीं, म्हणून इतिहासकारांचें लक्ष तिकडे कमी जातें.

प्रथम यंत्राची गोष्ट थोडक्यांत सांगून टाकूं. १९७४ च्या मे महिन्यांत व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं निरनिराळीं संगणकजाळीं एकमेकांस जोडण्याची एक रीत निबंधरूपानें प्रसिद्ध केली. तीच पुढें वाढून टीसीपी नांवाचा नियमसंग्रह झाला. १९८१ च्या सप्टेंबरांत त्याचा जो मसुदा निघाला त्यावर जगाचा व्यवहार कित्येक वर्षें चालला. १९८३ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळीनें आपल्या युनिक्स प्रणालींत 'सॉकेट' घातलें, आणि साध्या प्रोग्राम लिहिणारालाहि ही रीत वापरतां येऊं लागली.

सामान्य माणसाची अशी समजूत असते कीं, दोन यंत्रें जोडलीं म्हणजे त्यांच्यामध्यें कांहीं तरी तार ताणलेली असते, आणि ती तुटली कीं दोन्ही टोंकांस हिसका बसतो. तसें कांहीं नसतें. ही जोड म्हणजे दोन दप्तरांतील दोन नोंदी. इकडल्या वहींत लिहिलेलें असतें, 'अमक्याशीं माझें बोलणें चालू आहे. त्याचें अमुक क्रमांकापर्यंतचें मला पावलें, माझें अमुक क्रमांकापर्यंतचें त्यास पावलें.' तिकडल्या वहींतहि तशीच नोंद. मधल्या वाटेवर या जोडीची खूण कोठेंहि असावीच लागत नाहीं. पलीकडच्यानें रीतसर निरोप घेतला तर प्रश्न उरत नाहीं: तो 'माझें सांगून संपलें' अशी खूण पाठवितो, अलीकडे वाचावयास बसलेल्या प्रोग्रामच्या हातीं शून्य येतें, आणि शून्य आलें म्हणजे पत्र संपलें असें समजावयाचें. आमच्या जुन्या राजपत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' असा मोर्तबाचा लहान शिक्का असे त्याचें काम हेंच. येथें लेखनाची सीमा झाली; यापुढें कोणी कांहीं जोडलें असेल तर तें आमचें नव्हे.

परंतु पलीकडच्या यंत्राची वीज एकाएकीं गेली, किंवा वाटेंतील एखादा दुवा निखळला, तर निरोप घेण्यास कोणी उरतच नाहीं. अलीकडचा आपला वाट पाहत बसतो. त्याच्या वहींत जोड शाबूत आहे. पलीकडची वहीच जळून गेलेली आहे. १९८१ च्या मसुद्यांत या अवस्थेला 'अर्धी उघडी' जोड असें नांव दिलेलें आहे. अलीकडच्यास स्वतः कांहीं पाठवावयाचें नसेल आणि तो नुसता ऐकत राहिला असेल, तर त्याची ही प्रतीक्षा महिनेच्या महिने चालूं शकते. त्यानें कांहीं पाठविलें, तर पोंच येत नाहीं. तो पुन्हां पाठवितो, दर खेपेस थांबण्याचा काळ दुपटीनें वाढवितो, आणि लिनक्स प्रणालीच्या मूळ मांडणीप्रमाणें पंधरा मिनिटांच्या आसपास हात टेंकतो. मध्यंतरीं पलीकडचें यंत्र पुन्हां सुरू झालें असेल तर आणखीच चमत्कारिक उत्तर येतें. तें म्हणतें, 'मी तुला ओळखीत नाहीं.'

आतां या तीन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या: वाट बंद झाली आहे, निरोप्यास उशीर झाला आहे, किंवा पलीकडचा मेला आहे. अलीकडून पाहणारास या तिन्हींचें रूप एकच दिसतें, तें म्हणजे शांतता. सारी अडचण एवढ्यांत आहे.

आमच्या पूर्वजांस हें पुरतें ठाऊक होतें. पेशवाईंतील पत्र उघडलें तर पहिल्या दोन-तीन ओळींतच बहुधा पोंच सांपडते: तुमचें छ अमुकचें पत्र छ अमुक रोजीं पावलें, मजकूर कळला. हल्लींच्या वाचकास हा निव्वळ शिष्टाचार वाटतो व तो त्या ओळी गाळून पुढें जातो. पण लिहिणाराचें निम्में काम त्या ओळींतच होई. कोणतें पत्र पोंचलें आणि कोणतें वाटेंत गेलें, याचा हिशेब दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें लागत नसे. जासूद एकटा पाठवावयाचा नाहीं, जोडी पाठवावयाची, ही रूढी तर इतकी पक्की होती कीं 'जासूद जोडी' हा कागदोपत्रींचा एकच शब्द होऊन बसला. महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती निरनिराळ्या वाटांनीं रवाना करण्याची रीतहि होती. आजचें यंत्र जें करतें, म्हणजे पोंच मागणें, पोंच न आल्यास पुन्हां पाठविणें आणि दोनदां आलेलें एकदांच मोजणें, तें सर्व येथें बीजरूपानें आहे. अर्थात् ज्यास पोंच नकोच, असाहि लेखनाचा एक प्रकार आहे. आमच्या वेळापुरांत यादव रामचंद्रदेवाच्या काळचे मराठी शिलालेख आहेत. ते कोरणारानें उत्तराची अपेक्षा धरली नव्हती, आणि सातशें वर्षांनीं वाचणारांची तर नाहींच नाहीं.

असो. हे उपाय नेहमींच्या उशिरास पुरत. वाटच शत्रूच्या हातीं गेली म्हणजे काय होई, हें पाहावयाचें तर आमच्या गांवाहून तीन-चार कोसांवरच्या अकलुजापासून आरंभ करावा लागेल. १६८९ च्या फेब्रुवारींत संभाजीमहाराज संगमेश्वरास पकडले गेले, ही वार्ता औरंगजेबास पोंचली तेव्हां त्याची छावणी अकलुजास होती. आज साखरेच्या राजकारणामुळें ज्याचें नांव घेतलें जातें, त्या गांवीं एके काळीं हिंदुस्थानच्या बादशहाचा दरबार भरत होता, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगितलें तर ते प्रथम विश्वास ठेवीत नाहींत. बादशहास वाटलें, मराठ्यांचें राज्य संपलें. राजारामानें त्याच वर्षाच्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराष्ट्र सोडला, आणि वेष पालटून, बेदनूरच्या राणी चन्नम्मेच्या साह्यानें, तो नोव्हेंबराच्या सुमारास जिंजीस पोंचला. आतां राजा तामीळ देशांत, राज्य सह्याद्रींत, आणि मध्यें मोंगलांचे ठाण्यामागून ठाणे. ही जोड तुटणार हें उघड होतें.

राजारामाच्या मंडळीचें शहाणपण असें कीं, ती तुटण्याची वाट त्यांनीं पाहिली नाहीं. रामचंद्रपंत अमात्यास 'हुकुमतपन्हा' असा किताब देऊन महाराष्ट्राचा अधिकार हवालीं केला. त्यानें जें करावें तें राजानें केल्याप्रमाणें समजावें, अशी व्यवस्था होती. शंकराजी नारायण, परशुरामपंत, संताजी, धनाजी यांनीं त्याच्याशीं मिळून चालावें. म्हणजे प्रत्येक गोष्टीस जिंजीची पोंच लागणार नाहीं, असा हा बंदोबस्त. आजचे प्रणालीकार मोठ्या जाळ्याचे दोन तुकडे पडतील तेव्हां प्रत्येक तुकड्यानें आपलें काम चालू ठेवावें कीं थांबावें, यावर जो खल करतात, त्यांत मराठ्यांनीं 'चालू ठेवावें' या बाजूनें कौल दिला, आणि राज्य जगलें तें या कौलानें.

या कौलाचीहि किंमत असते. दोन्हीकडचें काम स्वतंत्र चाललें म्हणजे दोन वह्या वेगळ्या होतात, आणि पुढें त्या जुळवाव्या लागतात. जिंजीस राजारामानें माणसें धरून ठेवण्यासाठीं वतनें व इनामें सढळ हातानें दिलीं. इकडे रामचंद्रपंतासहि तेंच करावें लागे. तिकडे निघालेली सनद इकडच्या सनदेस छेद देई. एका वतनास दोन हक्कदार, दोघांपाशींहि खरा शिक्का, दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक, असे तंटे त्या काळच्या कागदांतून ज्यांनीं वाचले असतील त्यांस आम्ही काय म्हणतों तें तत्काळ समजेल. १६९८ च्या जानेवारींत जिंजी पडली, राजाराम निसटून स्वदेशीं आला, राजा आणि राज्य पुन्हां एके ठिकाणीं आलीं. पण वह्यांचा मेळ घालण्याचें काम त्यानंतरहि पुष्कळ दिवस पुरलें. तरीहि आमचें मत असें कीं, तंटे निस्तरण्यास राज्य शिल्लक असावें लागतें, आणि तें शिल्लक राहिलें.

याच जिंजीच्या वेढ्यांत मोंगलांच्या बाजूस जें घडलें तें त्याहून नाट्यमय आहे. झुल्फिकारखान १६९० पासून किल्ल्यास वेढा देऊन बसला होता. पुढें त्याचा बाप, वजीर असदखान, आणि बादशहाचा धाकटा मुलगा शहाजादा कामबक्ष हेहि तेथें आले. १६९२ च्या डिसेंबरांत संताजी घोरपडे व धनाजी जाधव मोठी फौज घेऊन त्या प्रांतांत उतरले. संताजीनें कांचीचा फौजदार अलीमर्दानखान यास पकडलें. धनाजीनें वेढा घालणारांनाच वेढलें. बादशहा तेव्हां दूर कृष्णाकांठीं गलगल्यास. मराठ्यांच्या स्वारांनीं मधल्या वाटा अशा रोखल्या कीं छावणीची डांक बंद पडली. धान्य येईना, त्याहून वाईट म्हणजे खबर येईना.

बादशहा त्या वेळीं चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. इतक्या म्हाताऱ्या धन्याकडून पत्र येत नाहीं म्हटल्यावर छावणीनें जो अर्थ लावावयाचा तोच लावला: आलमगीर गेला, आणि शहाआलम तख्तावर बसला. मोंगलांच्या घरांत वडील भाऊ तख्तावर बसला म्हणजे धाकट्याचें काय होतें, हें कामबक्षास कोणी शिकवावयास नको होतें. त्यानें किल्ल्यांत राजारामाशीं गुप्तपणें बोलणें लावलें. असदखान आपणांस पकडून नव्या बादशहाच्या हवालीं करील, या भयानें कुटुंबासह किल्ल्यांत निसटावें, असा त्याचा बेत होता. ज्या राजास धरण्यासाठीं बादशहानें मुलास पाठविलें, त्याच राजाच्या आश्रयास तो मुलगा निघाला! असदखान व झुल्फिकारखान यांस बातमी लागली. त्यांनीं उघड्या छावणींत शहाजाद्यास कैद केलें. पुढें १६९३ च्या जानेवारींत वेढा उठवून मोंगल वांदिवाशाकडे मागें हटले, आणि कैदी मुलगा बापापुढें रवाना झाला. बाप जिवंत होता. तो पुढें चौदा वर्षें जगला, त्यांतलीं चार आमच्या याच जिल्ह्यांत भीमेकांठच्या ब्रह्मपुरीस त्यानें काढलीं, आणि १७०७ मध्यें अहमदनगरास मेला.

या प्रसंगाचें वर्णन करतांना इतिहासकार बहुधा कामबक्षाच्या भित्रेपणावर ठपका ठेवतात. आम्हांस तें पटत नाहीं. भित्रेपणा असेल, पण त्याच्या चुकीचें मूळ स्वभावांत नसून शांततेच्या अर्थांत आहे. वाट बंद झाली होती, त्यानें ऐकणारा मेला असें धरलें. गंमत अशी कीं, हीच चूक यंत्रानें करूं नये म्हणून १९८९ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालेल्या एका नियमपत्रांत मुद्दाम कलम घातलेलें आहे. जोड बराच वेळ मुकी राहिली तर पलीकडे 'आहेस काय?' अशी खूण पाठवून पाहण्याची जी सोय असते, तिला 'कीप-अलाइव्ह' म्हणतात. नियमपत्र म्हणतें: ही सोय मुळांत बंद ठेवावी, ज्यास हवी त्यानें ती चालू करावी, चालू केली तरी मूळची मुदत दोन तासांहून कमी नसावी, आणि एखाद्या हांकेस उत्तर आलें नाहीं एवढ्यावरून पलीकडचा मेला असें धरूं नये. कारण काय, तर जाळ्यांत क्षणभर बिघाड झाला एवढ्यानें चांगली चालती जोड तोडली जाईल. दोन तास ही मुदत आजच्या उतावळ्या प्रोग्राम लिहिणारास हास्यास्पद वाटते. तो स्वतःच्या प्रोग्रामांतूनच दर कांहीं सेकंदांनीं नाडी पाहतो, आणि तीन-चार ठोके चुकले कीं जोड मेली असें ठरवून नवी जोड बांधावयास लागतो. दोघांचेंहि बरोबर आहे. ज्या व्यवहारांत उशिराची किंमत मोठी तेथें नाडी वारंवार पाहावी. ज्यांत चुकीच्या मृत्युवार्तेची किंमत मोठी तेथें धीर धरावा. कोणती किंमत मोठी हें यंत्रास कळत नाहीं. तें माणसानें ठरवावयाचें असतें.

कामबक्षानें घाई केली. सत्तर वर्षांनीं पेशव्यांच्या घरीं याच्या उलट घडलें.

१७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ दक्षिणेंतून निघाले; ऑगस्टांत दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरास कुंजपुरा घेतला. येथवर डांक चालू होती. नंतर अवघ्या आठ-दहा दिवसांत अब्दालीनें बागपतापाशीं यमुना ओलांडली, आणि भाऊ व दिल्ली यांच्यामध्यें तो येऊन बसला. त्याच्या सैन्यानें पानपतापाशीं भाऊंच्या छावणीची केवळ रसद तोडली असें नव्हे, दक्षिणेशीं असलेला शब्दाचा संबंधहि तोडला. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हां दुआबांतून जें थोडें येत होतें तेंहि बंद पडलें. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली स्वारांची एक तुकडी रात्रींच्या अंधारांत वाट चुकली, आणि आपली छावणी समजून अफगाणांच्या छावणींत शिरून कापली गेली. चुकीच्या पत्त्यावर पोंचलेल्या टपालाचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

नानासाहेब पेशवे त्या वेळीं दक्षिणेंतच होते. निजामाकडे एक डोळा ठेवून त्यांचा मुक्काम अहमदनगर-पैठणच्या बाजूस होता. २७ डिसेंबरास त्यांनीं पैठणजवळ दुसरें लग्न केलें. या लग्नावरून त्यांस पुष्कळ दूषणें दिलीं गेलीं आहेत, तीं सर्व अनाठायीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या दिवशीं तें लग्न लागलें त्या दिवशीं वराच्या हातीं उत्तरेची ताजी व खात्रीची खबर कितपत होती, हा प्रश्न दूषण देणारांनीं आधीं विचारावयास हवा. शेवटच्या पत्रांत छावणी शाबूत होती, म्हणून पेशव्यांच्या वहींत ती शाबूतच राहिली. अर्धी उघडी जोड ती हीच. १४ जानेवारी १७६१ रोजीं पलीकडची वही जळाली, आणि अलीकडे दहा दिवस तीच नोंद कायम होती.

येथें एक कूटप्रश्न सांगण्याजोगा आहे. दोन टेंकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा, मध्यें दरींत शत्रू. दोघांनीं एकाच वेळीं हल्ला केला तर जय, एकट्यानें केला तर नाश. निरोप्या दरींतूनच जाणार, आणि तो पकडला जाऊं शकतो. पहिल्यानें निरोप पाठविला, 'उद्यां पहाटे'. तो पोंचला हें त्यास कसें कळावें? दुसऱ्यानें पोंच पाठविली. ती पोंचली हें दुसऱ्यास कसें कळावें? म्हणून पोंचेची पोंच, आणि तिचीहि पोंच. १९७५ मध्यें तीन संगणकशास्त्रज्ञांनीं हा प्रश्न मांडला, १९७८ मध्यें जिम ग्रे यांच्या लेखनानें तो 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्याचें उत्तर नाहीं असें सिद्ध झालेलें आहे. सिद्धता लहान मुलास समजण्यासारखी आहे. समजा, निरोपांची एखादी पुरेशी मालिका आहे, आणि तीहून लहान मालिका पुरत नाहीं. तिच्यांतला शेवटचा निरोप हरवूं शकतो. तरीहि बेत तडीस गेला पाहिजे. मग त्या शेवटच्या निरोपाची गरजच नव्हती, म्हणजे तीहून लहान मालिका पुरली. अशा रीतीनें एकेक निरोप गळतां गळतां शून्य उरतें, आणि एकहि निरोप न पाठवितां एकमत होत नाहीं. भाऊंनीं कुमक मागवावी, पेशव्यांनीं निघालों म्हणून कळवावें, आणि मधली दरी म्हणजे विंध्यापासून यमुनेपर्यंतचा सारा मुलूख, असा हा प्रश्न पानपतच्या वेळीं प्रत्यक्ष घडून गेला होता. कितीहि जासूद वाढविले असते तरी खात्री मिळाली नसती. फार तर शक्यता वाढली असती. तेवढीहि त्या वेळीं उपयोगी पडली असती, हें मात्र कबूल करावें लागेल.

शेवटीं खबर आली ती सरकारी डांकेनें नव्हे, तर सावकारांच्या कासिदानें. ग्रँट डफनें १८२६ मध्यें छापलेल्या आपल्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे, आणि मराठी घरांत ती न ऐकलेला माणूस विरळा. नऊ दिवसांत पानपताहून औरंगाबादेस पोंचण्याच्या करारानें निघालेला कासीद वाटेंत पेशव्यांच्या लष्करास भेटला, पत्र फोडलें, आंत मोत्यें, मोहरा आणि चांदी-तांब्याची नाणीं यांच्या नुकसानीचा हिशेब होता, आणि दोन मोत्यें म्हणजे कोण हें कोणास सांगावें लागलें नाहीं. पेशवे तेव्हां नर्मदा उतरत होते असें डफ म्हणतो. पुढल्या संशोधकांनीं जागा भेलशाजवळची व दिवस २४ जानेवारीचा धरला आहे. सांकेतिक शब्दांवरच सर्वांचा डोळा खिळतो. आमचा डोळा मात्र 'नऊ दिवस' या शब्दांवर खिळतो. सावकाराच्या कासिदास मुदत होती. दहाव्या दिवशीं कासीद आला नाहीं, तर औरंगाबादचा सावकार स्वस्थ बसला नसता. पेढीचे व्यवहार त्यानें आवरते घेतले असते. शांततेचा अर्थ काय लावावयाचा हें त्यानें शांतता पडण्यापूर्वींच ठरवून ठेविलें होतें.

सावकारांच्या या शहाणपणाचा आणखी एक नमुना हुंडींत आहे, आणि तो या प्रकरणांतील सर्वांत सुंदर भाग आहे असें आम्हांस वाटतें. हुंडी वाटेंत हरवली तर लिहून देणारा तिची 'पैठ' देई: अमुक मितीची हुंडी लिहिली होती, ती पटविली नसेल तर या पैठीवर रक्कम द्यावी. पैठहि हरवली तर 'परपैठ', तींत मागल्या दोहोंचा उल्लेख. तिन्ही कागद पुढें-मागें एकाच पेढीवर पोंचले तरी रक्कम एकदांच दिली जाई, कारण प्रत्येक कागद आपल्या वडील भावाचें नांव सांगत असे. निरोप पुन्हां पाठवावा पण काम दुसऱ्यांदा होऊं नये, हा जो आजच्या जाळ्यांतील पैशाच्या व्यवहाराचा मुख्य पेंच, तो मारवाडी व गुजराती पेढ्यांनीं कागदाच्या चिटोऱ्यावर सोडविला होता. आज यूपीआयनें पैसे पाठवितांना मध्येंच जोड तुटली, म्हणजे देणाराच्या खात्यांतून रक्कम गेलेली आणि घेणाराच्या खात्यांत न आलेली, अशी त्रिशंकु अवस्था होते. भाजीच्या गाडीपुढें उभें राहून ती अनुभवली नाहीं असा मनुष्य आतां खेड्यांतहि मिळणार नाहीं. त्या वेळीं तोच आंकडा पुन्हां दाबावा कीं नाहीं, असा जो संभ्रम पडतो तो पैठ मागणाराचाच संभ्रम होय. २०१९ च्या सप्टेंबरांत रिझर्व्ह बँकेनें परिपत्रक काढून यावर मुदत घातली: एका माणसानें दुसऱ्यास पाठविलेली अशी अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत व्हावी, त्यापुढें दर दिवसाच्या उशिरास शंभर रुपये भरपाई. नऊ दिवसांच्या कासिदाची ही आधुनिक आवृत्ति.

आमच्या गांवांत या विषयाचा एक वार्षिक प्रयोगच होतो. आषाढांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसाहून वेळापुरास मुक्कामाला येते. त्या रात्रीं लाखो माणसें एके ठिकाणीं जमल्यानें मोबाइल हातांत असून नसल्यासारखा होतो. पण म्हणून चुकलेला वारकरी गोंधळत नाहीं. त्याच्या दिंडीस क्रमांक असतो. ती रथापुढें कीं रथामागें हेंहि ठरलेलें असतें. आजचा मुक्काम वेळापूर, उद्यांचा भंडीशेगांव, हें तर सर्वांस पाठ. चुकला तो वाटेवर थांबून शोध करीत नाहीं, रथाच्या धोरणानें आपल्या क्रमांकाशीं जाऊन उभा राहतो, किंवा पुढच्या तळावर भेटतो. तुटल्यावर जुळावें कोठें हें निघतांनाच ठरलेलें असल्यामुळें तुटण्याची भीति उरत नाहीं. पानपताहून परतलेल्या माणसांस असा ठरलेला तळ नव्हता. कोणी भरतपुरास सूरजमल जाटाच्या आश्रयाला, कोणी ग्वाल्हेरीकडे, कोणी नुसताच रानोमाळ, आणि कोण जिवंत आहे हें कळण्यास महिने लागले. नानासाहेब मार्चांत माळव्यांतून मागें फिरले, आणि २३ जून रोजीं पुण्यास पर्वतीवर वारले.

भाऊसाहेबांची जोड मात्र त्यानंतरहि अर्धी उघडीच राहिली. शुजाच्या पदरचा काशीराज पंडित हा लढाईच्या वेळीं तेथें होता. भाऊंचें शव सांपडून त्यास अग्नि दिल्याची हकीकत त्यानें लिहून ठेविली आहे. पुण्यास ती पुरेशी वाटली नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. इतिहासकार याकडे पतिनिष्ठेचें किंवा भ्रमाचें उदाहरण म्हणून पाहतात. आम्हांस वाटतें, त्या माउलीनें एवढेंच म्हटलें कीं मला रीतसर निरोप आलेला नाहीं. आणि अशी उघडी राहिलेली जोड कोणाच्याहि उपयोगीं पडते. 'मीच तो' असें म्हणत कोणीहि येऊन तींत शिरूं शकतो. सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण तसा शिरला. चेहऱ्यांत कांहीं साम्य होतें म्हणतात. बाकीचें काम लोकांच्या इच्छेनें केलें. तो पकडला गेला, कैदेंत पडला, आणि १७७६ मध्यें रत्नागिरीच्या बंदींतून सुटून त्यानें कोंकणांत फौज जमविली. किल्ले त्याच्या नांवानें उघडले. जाणते सरदार व कारकून त्यास मुजरा करूं लागले. अखेर बोरघाटापर्यंत आलेला हा लोंढा महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं परतविला, तो पळून कुलाब्यास गेला असतां रघूजी आंग्र्यानें धरला, पुण्यास चौकशी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यास देहान्त शासन झालें. पानपतास तेव्हां सोळा वर्षें होत आलीं होतीं.